कलम सहामधलं वाक्य

त्या फोरमवर भांडायचं म्हटलं तरी शिस्तीत भांडावं लागे. बाकीकडे कसं, कोड लिहिताना टॅब वापरावा की स्पेस, एवढं कुणी नुसतं विचारलं तरी लोक बाह्या सरसावतात आणि दहाव्या मिनिटाला एकमेकांच्या खानदानावर घसरतात. इथे नियम असा की समोरच्याला खोडून काढायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपण लिहायचं. तेही असं, की त्यानं म्हटलं पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं होतं." या होकाराला तिथे 'पावती' म्हणत. पावती हातात पडली की मग आपलं उत्तर. दुसरा नियम, घरची गोष्ट आणायची नाही. माझी मावशी, माझा मेव्हणा असं काही निघालं की लगेच कुणीतरी 'रडारड' असा शेरा मारून मोकळा. मुद्द्याला मुद्दा, बस्स. या दोन नियमांचा त्या मंडळींना इतका गर्व, की सांगता सोय नाही.

सुतळी तिथे आठ वर्षं भांडत होती. इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनियर. दुपारच्या सुट्टीत एका हातानं जेवायची आणि दुसऱ्या हातानं लोकांची पिसं काढायची. 'सुतळी' हे नाव तिला तिच्या दादानं दिलेलं. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी हिची वेणी इतकी बारीक, की त्यानं हिच्यासाठी खूण ठरवली: कानाजवळ चिमटीत सुतळी पिळल्यासारखं करायचं. फोरमवर नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं तेच घेतलं.

चार महिन्यांपूर्वी तिची गाठ 'कडी' नावाच्या गृहस्थाशी पडली. गडबडीच्या वेळी सरकारला एखाद्या भागाचं इंटरनेट आणि मेसेज बंद करता आले पाहिजेत, असं कडीचं म्हणणं. म्हणणं होतं, पण मांडता येत नव्हतं बिचाऱ्याला. नुसतंच 'अफवा पसरतात हो, माणसं मरतात' असं घोळवत बसला होता. सुतळीला त्याला पार आडवा करायचा होता. पण आधी पावती. मग तिनंच त्याचं म्हणणं लिहून काढलं. सगळं शहर नको, फक्त तेवढा भाग. दवाखान्यांच्या लाइन वगळा. दर सहा तासांनी फेरविचार. आणि शेवटी तिनं एक वाक्य टाकलं: 'इंटरनेट आणि मेसेज बंद असले तरी फोनवर बोलणे सुरूच राहते; त्यामुळे संकटात कोणीही एकटा पडत नाही.'

कडीनं पाच मिनिटांत पावती दिली. "हेच! माझ्यापेक्षा तुम्हीच चांगलं लिहिलंत." त्यावर सुतळीनं अठरा परिच्छेदांचं उत्तर लिहून त्याच्या म्हणण्याच्या चिंध्या केल्या. फोरमभर वाहवा झाली. त्या अठरा परिच्छेदांत दादा कुठेच नव्हता. घरची गोष्ट ना ती!

ती गोष्ट अशी. गेल्या वर्षी त्यांच्या भागात दगडफेक झाली आणि नऊ तास इंटरनेट आणि मेसेज बंद होते. दादा दातांच्या कवळ्या बनवतो, घराच्या खालच्या खोलीतच त्याचं काम चालतं. त्या दिवशी घासायच्या यंत्रात त्याचा अंगठा हाडापर्यंत कापला गेला. फोन होता, पण दादाचा फोन म्हणजे व्हिडिओ कॉल आणि मेसेज. शेजारी कुलूप. अंगठ्याला टॉवेल गुंडाळून तो पाऊण तास चालत दवाखान्यात गेला. सुतळी घरी आली तर दार सताड उघडं आणि जिन्यावर रक्त. अडीच तास तो कुठे आहे, आहे की नाही, हे तिला कळलं नव्हतं. तिनं त्याला सतरा कॉल केले. सगळे त्याच्या खिशात थरथरत राहिले. फोनवर बोलणं सुरूच होतं ना!

आणि आता मंगळवारी सकाळी कंपनीत सगळ्यांना सरकारच्या नव्या इंटरनेटबंदीच्या नियमांचा मसुदा आला. दुपारी जेवता जेवता त्यातलं कलम सहा वाचताना सुतळीच्या हातातला चमचा तसाच राहिला. फक्त तेवढा भाग. दवाखाने वगळून. दर सहा तासांनी. आणि शेवटचं वाक्य, शब्दाला शब्द, अर्धविरामासकट तिचं.

तिनं कडीला खासगी निरोप टाकला. "हे तुम्ही दिलंत?"

"दिलं कशाला, मसुदा मीच लिहितो. नोकरीच आहे माझी," कडीचं उत्तर आलं. "तुमचं नाव कुठेही नाही, निश्चिंत राहा. गुरुवारी जनसुनावणी आहे, तेवढी पार पडली की झालं."

"आणि माझं उत्तर? ते अठरा परिच्छेद?"

"वाचले. जोरदार होते. पण ते वाक्य तुम्हालाही खोडता आलं नाही. उत्तरात त्याला तुम्ही हातच लावला नाहीत."

सुतळीच्या डोक्यात तिडीक गेली, कारण ते खरं होतं. ते वाक्य खोडायला दादा लागत होता, आणि दादाला आणायची बंदी होती. बंदी कुणाची, तर असल्या नावांमागे दडलेल्या चाळीस शहाण्यांची. त्यांच्या शाबासकीसाठी तिनं तोंड शिवून घेतलं होतं. आता तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी ती खालच्या खोलीत गेली. फळीवर ओळीनं कवळ्या मांडलेल्या, सगळ्या उगाचच हसणाऱ्या. दादानं मोबाइल तिच्यापुढे धरला. त्याच्या कर्णबधिरांच्या संस्थेच्या ग्रुपवर मसुदा फिरत होता आणि कलम सहाखाली कुणीतरी लाल रेघ मारली होती.

"वाचलंस?" त्यानं हातांनी विचारलं. वाकडा जुळलेला अंगठा त्याच्या प्रत्येक खुणेत दिसायचा. "कोणीही एकटा पडत नाही म्हणे! कोण गाढव लिहितं हे?"

सुतळीनं हात उचलला. 'मी' म्हणायला स्वतःच्या छातीला बोट लावायचं, एवढंच. बोट अर्ध्यावर पोचलं, तोवर तो पुढे बोलू लागला होता.

"गुरुवारी संस्थेतर्फे मी बोलणार आहे. आपला दुभाषी परगावी गेलाय. तू चल. मी हातांनी बोलेन, तू तोंडानं सांग."

"दादा, ऐक, मला आधी..."

पण तो यंत्राकडे वळला होता. दादानं तोंड फिरवलं की बोलणं संपलं. पाठीला कितीही सांगा, काय उपयोग? ती खांद्यावर हात ठेवून त्याला वळवू शकली असती. नेहमी तेच करायची. त्या दिवशी नाही केलं. बुधवारीही नाही. गुरुवारी सभागृहाबाहेरच्या वळणावर, जिथे गाड्या अचानक समोर येतात, तो सवयीनं थांबला. लहानपणापासूनचा रिवाज: तिनं कानोसा घ्यायचा आणि त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं, की मग रस्ता ओलांडायचा. तिनं थोपटलं. तोंडाशी आलेलं पुन्हा गिळलं.

सभागृहात प्रत्येकाला पाच मिनिटं. समोर अध्यक्षबाई, त्यांच्या डावीकडे लॅपटॉप आणि निळी फाइल घेऊन एक हडकुळा माणूस. दर वाक्यागणिक मान हलवून टिपून घेत होता. त्याच्यापुढच्या पाटीवर 'मसुदा लेखन' असं लिहिलेलं. म्हणजे हाच कडी. दोघांची नावं पुकारली गेली आणि ती दादाशेजारी माइकपाशी उभी राहिली. दुभाष्याची रीत अशी, की तो जे सांगेल तेच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं तर मुळीच नाही.

दादाचे हात चालू झाले. "मी कवळ्या बनवतो," सुतळी बोलू लागली. "या सभागृहात निदान चार जण माझ्या दातांनी हसतायत."

लोक हसले. दादानं त्यांची तोंडं पाहिली, खूश झाला आणि अंगठा वर धरला. मग त्या दिवसाचं सगळं सांगितलं. यंत्र, टॉवेल, पाऊण तास. "माझ्या बहिणीचे सतरा कॉल आले. फोनवर बोलणं सुरू होतं. मी तो थरथरणारा फोन खिशात घेऊन चालत होतो, कारण तिला काय सांगू आणि कसं सांगू?" सुतळीचं एकही वाक्य चुकत नव्हतं.

"ज्यानं कलम सहा लिहिलं," दादाचे हात सावकाश चालले होते, "त्याला मी दोष देत नाही. त्याच्या घरात माझ्यासारखं कुणी नसणार. असतं, तर त्याच्या हातून हे लिहिलंच गेलं नसतं."

सुतळीच्या तोंडून शब्द फुटेना. अध्यक्षबाईंनी मान वर केली. हडकुळ्याची बोटं लॅपटॉपवर थांबली. दादानं तिच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते. "सांग ना," त्यानं खूण केली. घड्याळात अजून दोन मिनिटं होती.

तिनं सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. मग माइकपासून अर्धं पाऊल बाजूला झाली, आणि तोंडानं आणि हातांनी एकदमच बोलली. "हे आता माझं आहे, त्याचं नाही. कलम सहामधलं ते वाक्य मी लिहिलंय. मी, याची बहीण. एका फोरमवर, दुसऱ्याची बाजू मांडताना लिहिलं होतं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं."

हडकुळ्यानं झटकन वर पाहिलं. "सुतळी?" तो नकळत बोलून गेला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दादा तिच्या हातांकडे बघत होता. नीट दिसलं नसावं तसा. "पुन्हा," त्यानं सांगितलं. तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी बोट छातीपर्यंत नीट पोचलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. ती मान खाली घालणार, तोच त्यानं तिच्या हनुवटीला बोट लावून ती वर केली.

"थांबू नको. माझा वेळ उरलाय. मी बोलतो ते सांग."

आणि ती सांगू लागली, त्याच्या तोंडचं, स्वतःच्या तोंडानं. "ही माझी बहीण. जिन्यावरचं माझं रक्त हिनं स्वतः पुसलं. आणि लिहायच्या वेळी हिलासुद्धा मी आठवलो नाही. मग तुम्हाला मी आठवेन, अशी आशा मी का धरू? माझी आठवण ठेवा असं मी म्हणत नाही. नियमात लिहा. आमचे मेसेज आणि व्हिडिओ कॉल बंद होणार नाहीत, एवढं लिहा. कुणाच्या मायेवर आम्हाला सोडू नका."

घंटा वाजली. दादानं तिच्याकडे पाहून विचारलं, "सगळं सांगितलंस?"

"हो," ती म्हणाली. "जसंच्या तसं."

अध्यक्षबाईंनी हडकुळ्याकडे मान वळवली. "हे वाक्य कुठून आलं, याचा खुलासा तुम्ही लेखी द्याल. तोवर कलम सहा बाजूला ठेवा." तो "हो बाई" एवढंच म्हणाला. सुतळीनं ते ऐकलं, पण आनंद म्हणावा तसं काही वाटलं नाही. दादा केव्हाच दाराबाहेर पडला होता.

ती धावतच बाहेर आली. तो पुढे चालला होता, झपाझप, मागे न बघता. हाक मारून उपयोग नव्हता. वळणावर तो थांबला. ती मागे पोचली, तिनं हात उचलला. पण त्यानं खांदा आधीच पुढे घेतला होता. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे, आणि एकटाच रस्ता ओलांडून गेला.

पलीकडे गेल्यावर मात्र तो वळला. तोंड तिच्याकडे, हात मोकळे. मध्ये गाड्यांची रीघ लागलेली. तोंडानं बोलणाऱ्या माणसांना इथे ओरडूनही काही कळलं नसतं.

"आठवलो नाही, हे मी बरोबर बोललो ना?" त्यानं विचारलं.

त्याला हो म्हणणं किती सोपं होतं! तो मनातल्या मनात तिला तेवढी सूट देऊन बसलाच होता.

"नाही," ती हातांनी म्हणाली. "आठवला होतास. ते वाक्य लिहिताना तूच डोळ्यांसमोर होतास. तरी लिहिलं."

एक लांबलचक बस दोघांच्या मध्ये आली. सुतळी हात तसेच धरून उभी राहिली. बस गेली. तो तिथेच होता, चेहरा दगडासारखा, पण तिच्याकडेच वळलेला.

"पुढे?" त्याच्या हातांनी विचारलं.