आरशातला वण

पुतण्याला जेवताना पाहिलं की थोरलीच्या पोटात दुखायचं. ढब्बू अंडं खायचा, शेंगदाणे खायचा, मांजर उशाशी घेऊन झोपायचा आणि वर टुणटुणीत! त्याच्याच वयाच्या तिच्या लेकीला, चिऊला मात्र केकचा तुकडा खाल्ला तरी अंगभर गांधी उठायच्या, छाती घुरघुरायची. दोघं एकाच आठवड्यात जन्मलेली, एकाच दिवशी लस टोचलेली. मग हा दुजाभाव कुणी केला?

त्यात डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, टीबीची लस टोचलेल्या मुलांना अ‍ॅलर्जी कमी होते असं काहींना वाटतं, काहींच्या पाहणीत तसं दिसत नाही, खात्रीचं काही नाही. डाव्या दंडावर वण राहतोच असंही नाही. थोरलीने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं: वण उठला म्हणजे लस लागली, लस लागली म्हणजे अ‍ॅलर्जी टळली. चिऊचा दंड तर कोरा होता.

पुढे तिने आपल्या शिवणाच्या दुकानात ढब्बूचा शाळेचा शर्ट बेतायला घेतला. तो तिथल्या आरशासमोर उभा, ही मागे गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. वर पाहिलं तर आरशात दंडावर ठसठशीत वण! आजवर शंभरदा नजरेखालून गेला असेल, पण आज काळजात रुतला. समोर उभ्या गिऱ्हाइकाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे हाताला पडलेलं वळण. त्या हिशोबाने डावाच दंड तो!

आणि मग तिला आठवलं, लशीच्या रांगेत धाकटी जाऊ बरीच पुढे होती. ताजी बाटली फोडली ती हिच्या लेकासाठी, तळाचं उरलंसुरलं माझ्या लेकीला. कायमची पुढे पुढे करणारी मेली. तो वण डोळ्यांपुढे नको म्हणून शर्टाच्या बाह्या तिने पार कोपरापर्यंत लांब ठेवल्या. ढब्बूला सांगून टाकलं, मांजराचे केस घेऊन दुकानात यायचं नाही, चिऊला त्रास होतो. चिऊ ढब्बूसाठी रडून रडून झोपली. मांजराने तिला कधीच काही झालं नव्हतं, हे थोरलीला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी शर्ट घेऊन आली. बाह्या आखूड करून द्या म्हणाली, आणि पोरांचं काय बिनसलं तेही विचारलं. थोरलीचा बांध फुटला. रांग, बाटली, वण, सगळं ओकली.

धाकटीने शर्ट टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "ताई, लशीचा वण दोघांनाही नाही उठला. तो उजव्या दंडावरचा आहे. तुमच्या इस्त्रीचा."

थोरलीने आरशाकडे पाहिलं. उजवं-डावं ओळखण्यावर जिचं पोट, तिने आरशात गफलत केली होती.

"माझ्या इस्त्रीचा?"

"चिऊला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा. दुकान मी बघत होते, हा इस्त्रीवर धडपडला. तुमच्या जिवाला तेव्हा काय कमी घोर होता? म्हणून नाही सांगितलं."

थोरलीने मान खाली घालून बाह्या उसवायला घेतल्या. दोरा काही सापडेना, डोळे भरले होते.

"संध्याकाळी पाठव त्याला," ती म्हणाली. "चिऊ वाट बघतेय."

धाकटी बरं म्हणून गेली. आणि थोरलीच्या पोटात पुन्हा दुखलं. इतकी वर्षं ही बाई गप्प राहिली होती. तिला स्वतःला ते एक दिवसही जमलं नसतं.