मोजणीत नसलेली लेक

मी बाळंतिणीची बाज. बोरगव्हाणच्या डोमाजीच्या घरची, पण वापर म्हणाल तर अख्ख्या गावाचा. सागाचे चार खूर, अंबाडीच्या दोरीची वीण, आणि तोंड जरा फटकळ. गोड बोलणं मला जमत नाही, आधीच सांगून ठेवते.

डोमाजीच्या बापाने मला सुताराकडून करवून घेतलं तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. पुढे आमचा मुलूख कधी या राज्यात गेला, कधी त्या. मी ओसरीवरून हलायची ती कुणाच्या पोटात कळा आल्या तरच. खाली शेगडी, वर बाळंतीण, आणि घरभर ओव्याची धुरी. डोमाजी माझ्यावर जन्मला, आणि त्याची शेंडेफळ लेक मनकर्णाही.

बाई अडली की गडी मला दोन बांबू बांधायचे, चौघं खांदा द्यायचे, आणि नाला ओलांडून फाट्यावर न्यायचे. तिथे जीप मिळाली तर नशीब. सगळ्याच परत आल्या असं नाही.

मनकर्णा पोटुशी होती त्या दसऱ्याला आदिलाबादच्या एका जिल्ह्याचे चार झाले. मनकर्णेचं सासर मुधोळचं, ते निर्मल जिल्ह्यात गेलं. डोमाजीला भारी गंमत वाटली. "लेक मुधोळातच बसून हाय, अन् जिल्हा बदलून गेला!" असं तो येईल त्याला सांगायचा.

मग बातमी आली की आमच्या बाजूला मायलेकरांचा नवा दवाखाना होणार. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्यासुद्धा येणार. जागा दोन होत्या: एक आमचा फाटा, दुसरी दूर सडकेवरचं मोठं गाव. इमारतीला वर्षं लागतील, पण जागा ठरली की डॉक्टरीण, गाडी आणि दोन पेट्या लगेच तिथल्या पंचायतीच्या खोलीत बसणार होत्या. आमच्या गावच्या चंपतरावाने फाट्याला लागून असलेलं आपलं कपाशीचं वावर देऊ केलं. अट एकच होती. जिकडे गरोदर बाया जास्त, तिकडे दवाखाना.

दिवाळीत मोजणीवाली मॅडम आली. तेलुगू बाई, आमच्याशी हिंदीत बोलायची. मनकर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागलेला. तिच्यासाठी मला आधीच आत नेलेलं, ती आतल्या खोलीत माझ्यावर पडली होती. दारात तिची माय वच्छलाबाई उभी.

"घर में कोई पेट से है, अम्मा?"

"नाई बाई, हमारे घर में कोई नाई."

अगं बाई! मी करकरले, कुरकुरले, पण बाजेचं कोण ऐकतं? वच्छलाबाईच्या मनात खोटं काही नव्हतं. लेक दिली की ती सासरची, इथे आली ती पाहुणी. पाहुणीला कुणी घरच्या माणसांत धरतं का? शिवाय भरल्या पोटाची गोष्ट परक्या बाईला सांगितली तर नजर लागेल, ही धास्ती होतीच.

"माय, मले काऊन नाई सांगतलं?" मनकर्णेने विचारलं.

"तू मुधोळची. तुयं नाव तिकडं लागन."

आणि मुधोळात सासूने सांगितलं की सून माहेरी गेली. मग लागणार कुठे नाव? माझ्या दोऱ्या ताणून कूस बदलणारी ती जिवंत पोर कुठल्याच कागदावर नव्हती.

त्या दिवाळीत गावात अकरा लेकी बाळंतपणाला आल्या होत्या. अकराही घरांनी हेच उत्तर दिलं. महिन्याभरात चंपतराव तहसिलीतून तणतणत आला आणि ओसरीवर धपकन बसला.

"अकरा पोरी हायेत गावात, अन् कागदावर दोन! त्याबी सुना! वयनी, तुमच्या घरात तर आठवा चालू हाय, तुमी नाई काऊन म्हनलं?"

वच्छलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. डोमाजीने दुसऱ्याच दिवशी लेकीचं नाव घालायची दरखास्त दिली. यादी बंद झाली होती. डॉक्टरीण आणि पेट्या सोमवारपासून सडकेवरच्या गावात बसल्या.

पुढच्याच आठवड्यात, कडाक्याच्या थंडीत, सकाळी मनकर्णेला कळा आल्या. दिवस भरले नव्हते. चौघांनी मला उचललं आणि गुडघाभर पाण्यातून फाट्यावर आणलं. जीप बाजाराला गेलेली. चंपतरावाच्या वावराच्या बांधाशी, माझ्यावरच, पोरगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. मांजराच्या पिलासारखा एकदा रडला आणि निळा पडायला लागला.

"ऊब पायजे त्याले, ऊब द्या!" वच्छलाबाईने त्याला लुगड्यात, उराशी धरलं. गड्यांनी अंगावरची घोंगडी काढून दिली, कुणी काटक्या पेटवल्या. जीप यायला दुपार झाली. मायलेकरांना घेऊन ती सडकेवरच्या गावी गेली आणि संध्याकाळी गड्यांनी घरी आणेपर्यंत मी तिथेच रस्त्याकडेला पडून राहिले.

चौथ्या दिवशी मनकर्णा घरी आली. हात रिकामे होते. डॉक्टरीण म्हणाली होती, सकाळीच पेटीत ठेवलं असतं तर वाचलं असतं. त्या दुपारी वच्छलाबाई माझ्यावर पालथी पडून रडली. "म्या मारलं त्याले. म्या माह्या तोंडानं मारलं." मला तिची कीव आली आणि रागही आला. दोन्ही खरं सांगते.

मनकर्णा सव्वा महिन्याने सासरी गेली, ती पुन्हा माहेरपणाला आलीच नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा चंपतरावाने सांगितलं, फाट्यावर छोटा दवाखाना द्यायचा विचार आहे, पुन्हा मोजणी होणार. वच्छलाबाई तेव्हापासून काठी टेकत घरोघर फिरते आहे. "लेक आली का घरी? मोजणीत नाव सांगा माय, लपवू नका."

तिला येताना पाहिलं की पोरींना आत ढकलतात. जिचा नातू असा गेला, तिची सावली भरल्या पोटावर पडू नये म्हणून. "नाई वच्छलाबाई, आमच्या घरी कोनी नाई." समोरच्या घरात कौशल्याबाईची लेक आलेली मी ओसरीवरून रोज पाहते. तिलाही न्हाणीघरात कोंडून वर हेच उत्तर दिलं. म्हातारी संध्याकाळी माझ्या कडेला टेकते. दिवसभर फिरून तिच्या हाती एकही नाव नाही.

मलाही आता कुणी मागायला येत नाही. माझ्यावर जन्मलेलं पोर गेलं ना! माझं काही म्हणणं नाही. मला फोडा आणि चुलीत घाला, साग आहे, बाळंतिणीचं पाणी तरी तापेल. पण बायांनो, त्या म्हातारीला दार उघडा आणि पोरीचं नाव सांगा.