माझ्या पाठीची ऊब

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. दोघांचंही ऐकत नदी मधून वाहते. तिच्या काठावर दगडी जोत्याचं एक पंपघर आहे, आणि मित्रांनो, त्या पंपघरात राखणीला उभा असलेला जुना ब्रेकर तो मीच.

तुमच्या घरी मीटरपाशी एक छोटा खटका असतो ना? कुठे काही बिघडलं की टक् करून आपोआप खाली पडतो आणि घर अंधारात जातं. तो माझा धाकटा भाऊ. मी त्याच्याहून पुष्कळ थोराड. नदीचं पाणी वरच्या शिवारात चढवणारे तीन मोठे पंप आहेत, त्या तिघांची वीज माझ्या अंगातून जाते. सगळं ठीक असतं तोवर मी तिचा हात धरून तिला पलीकडे नेतो. काही विपरीत घडलं, की पापणी लवायच्या आत तिचा हात सोडतो. धरणं तर कुणालाही जमतं. ऐन वेळी सोडणं, ही माझी खरी विद्या.

ही विद्या मला जन्मतःच दिली होती. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे माझ्या तांब्याच्या जबड्यांवर चांदीचा मुलामा चढवला. पोटात पोलादी स्प्रिंगा बसवल्या. मग हापशासारखा दांडा मारून स्प्रिंगा ताणायच्या, हिरवं बटण दाबायचं, की धाड्! मी धरायचो. लाल बटण दाबायचं, की धाड्! मी सोडायचो. असं कितीदा करून पाहिलं, तेव्हा कुठे मला खोक्यात घातलं.

मी पंपघरात आलो त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. माळावर पहिल्यांदा पाणी चढलं. जिथे कुसळं उगवायची तिथे ऊस आला, कांदा आला, झेंडूचे मळे आले. आणि माझ्या वाट्याला आले म्हाळू आबा.

म्हाळू आबा पंप चालवणारे. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, आवाज असा, की बोलले तर नदीपल्याडच्या शेरडांनी कान टवकारावेत. पण माझ्याशी बोलताना तो आवाज पाळण्यातल्या लेकराशी बोलावं तसा व्हायचा. सकाळी आले की आधी मला फडक्यानं पुसायचे. "काय गड्या, झोप झाली का?" मी काय बोलणार? पण माझी गुणगुण ऐकून ते आपल्या मनानंच उत्तर लावून घ्यायचे. माझ्या लोखंडी दाराला स्टूल लावून, पाठीला पाठ टेकून, ते भाकरी खायचे. थंडीच्या दिवसांत नदीवरून बोचरं वारं यायचं, तेव्हा तर ते माझ्यापासून हलायचेच नाहीत.

"ऊब हाय गड्याच्या पाठीला," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "माया करतुय माज्यावं."

खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. आबा मला झेंडूची माळ घालायचे, हळदकुंकू लावायचे. आणि घाण्यावरचं करडईचं तेल आणून, जिथून स्प्रिंगेचा दांडा फिरतो त्या फटीतून, काडीला कापूस गुंडाळून माझ्या सांध्यांना लावायचे. "दमला असंल, मुरू दे तेल," म्हणायचे. मला गुदगुल्या व्हायच्या. कुणाला आवडणार नाही असा लाड?

पुढे तिसरा पंप आला. भार वाढला तसा मी मधूनमधून सोडू लागलो. लोकांना ते खपेना. कुणीतरी माझ्या तबकडीवरचा काटा फिरवून पार शेवटाला नेला, म्हणजे कितीही भार आला तरी मी चटकन सोडू नये. त्यानंतर मी पडलोच नाही. उन्हाळे गेले, दिवाळ्या गेल्या. पाणीसंस्थेचे चेअरमन बाळासो पाहुण्यांना मला दाखवायला आणू लागले. "आमचा ब्रेकर! कवाच पडत न्हाई."

सगळे कौतुकानं माना डोलवायचे. एकट्या मला ठाऊक होतं की आत काहीतरी आखडतंय. जिथे पूर्वी चपळाई होती, तिथे आता जडपणा होता. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

मग एका हिवाळ्यात संस्थेनं पहिल्यांदाच वर्षाची देखभाल लावली, आणि शिरूरहून गौतमी आली. गाव कोरेगाव भीमा, हातात हत्यारांची पेटी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. सोबत महेंद्र नावाचा जोडीदार. दारातूनच तिनं विचारलं, "आबा, ह्यो शेवटचा कवा पडला होता?"

"पडला?" आबांची छाती फुगली. "अगं, पडायचं नावच न्हाई! दुसऱ्या कुटल्या मशिनीला हात लाव. ह्याला गरज न्हाई."

गौतमी हसली नाही, कौतुकही केलं नाही. माझ्या दारावर तिनं हाताची पालथी बाजू ठेवली. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावी तशी. मग स्टुलाकडे पाहिलं. "हितं कोण बसतं?"

"मीच की. पाठ टेकून. ऊब असती."

तिनं पेटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आबा, पंप बंद करा. मला ह्याला सोडून बघायचंय."

पंप थांबले. ती अंग बाजूला ठेवून उभी राहिली आणि तिनं लाल बटण दाबलं.

मित्रांनो, मी सोडलं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. मी आतून सगळा जीव एकवटला, पण माझा खटका जागचा हलेना. आबांचा चेहरा मी विसरणार नाही. घरचं माणूस हाक मारूनही ओ देत नाही, तेव्हा होतो तसा.

गौतमीनं घाई केली नाही. महेंद्रला बाहेर पाठवून खांबावरच्या स्विचनं मागूनच वीज बंद केली. त्या स्विचला आपलं कुलूप घातलं, किल्ली आपल्याच खिशात ठेवली. वीज गेल्याची स्वतः खात्री केली, तारा जमिनीला जोडल्या. मग माझं पुढचं झाकण काढलं. ताणलेल्या स्प्रिंगेपुढे बोट नेणं म्हणजे अडकित्त्यात सुपारी देणं. म्हणून लांब दांडीनं, अंतर राखून तिनं माझा खटका हलवला. कितीतरी वेळानं धाड् झालं. माझी पकड सुटली. माझ्या लोखंडी कपाटातल्या रुळांवरून मला बाहेर ओढून तिनं बॅटरीचा उजेड आत टाकला.

खटक्यावर, सांध्यांवर तपकिरी चकचकीत थर बसला होता. नखानं खरवडून तिनं वास घेतला. "आबा, करडईचं हाय व्हय?"

"व्हय. दर नवमीला लावतो. घाण्यावरचं, चांगलं." आबांना काही उमगलं नव्हतं.

"कढईच्या काठाला तेल वाळून चिकटतं ना, काथ्यानं घासलं तरी निघत न्हाई? तसं झालंय. वाळून डिंक झालाय त्याचा."

आबा माझ्याजवळ आले. बोटानं तो थर चाचपला. "म्हंजी... ह्याचं हात म्याच बांधलं?"

"तुमी माया केली. त्याला काय लागतं, ते कुणी तुमाला सांगितलंच न्हाई."

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. बाळासो आले. "ताई, कांद्याची रोपं माना टाकाय लागली. दुपारला पाणी सुटलं पायजे. तेवढं पुसापुशी करा आन् बसवा परत."

"दादा, ह्यो बटण दाबून सुटत न्हाई."

"मग चांगलंच की! सुटत न्हाई म्हंजी पक्का गडी!"

"तुमच्या गाडीचा ब्रेक लागंना झाला, तर पक्की गाडी म्हणाल का?"

बाळासोंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पण चेअरमनची जीभ ती, अशी थोडीच थांबते. "इतकी वर्सं चाललंच की. काय झालं का? आबा, तुमी सांगा हिला. पंपघर तुमच्या ताब्यात हाय."

सगळे आबांकडे बघू लागले. आबा माझ्या दाराकडे बघत होते, जिथे त्यांच्या पाठीनं घासून रंग गुळगुळीत झाला होता.

"पोरी, ह्यो सुटला नसता, तर काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"कुटं तारंला तार भिडली असती, तर हितंच भडका उडाला असता आबा. तुमी बसता तिथं. आन् ती ऊब..." ती हळूच म्हणाली, "ती माया नव्हती. आतलं बोल्ट सैल पडल्यात, जबडं झिजल्यात. वीज अडखळत जाती, म्हणून तापतोय. ताप हाय त्याला."

मित्रांनो, किती हिवाळे मी त्या तापानं फणफणत होतो, आणि आबा त्यालाच ऊब म्हणत होते! चूक त्यांचीही नव्हती. जिवाभावाचं माणूस तोंडानं सांगत नाही, तर दुखणं कसं कळावं?

आबांनी मुंडासं काढून पुन्हा बांधलं. "बाळासो, आज पाणी न्हाई. माजीबी रोपं त्याच पाण्यावं हायती. एक दिस सुकली तर सुकू दे." आणि गौतमीला म्हणाले, "तू कर तुजं. मी कंदील... न्हाई, ती तुजी बॅटरी धरतो."

मग तिनं माझी जी सेवा केली, ती मी कुणाकुणाला सांगू! ब्रशनं, द्रावणानं एकेक सांधा घासून तो डिंक काढला. ठिणग्या विझवणाऱ्या माझ्या पेट्या उतरवून झटकल्या, पुसल्या. झिजलेले जबडे बदलले. बोल्ट पान्यानं आवळताना ती कान देऊन असायची. पाना टक् वाजला की बस, त्यापुढे एक केसभर नाही. माझ्यासाठीच बनवलेलं ग्रीस तिनं बोटाच्या टोकावर घेतलं आणि लेकराच्या डोळ्यांत काजळ घालावं, इतकंच लावलं. तबकडीवरचा काटा पंपांच्या बळाला जुळेल तिथे आणला. काम करताना गुणगुणत होती:

*पयली माजी ओवी गं, हात घालावा जपून*
*वीजबाई नांदती, तारंमंदी लपून*

"कुणाची गं ही?" आबांनी विचारलं.

"माज्या आज्जीची, आक्काबाईची. जात्यावं बसून माज्या कामावं जोडली तिनं. म्हणली, नात तारंत हात घालती, तर तिलाबी ओवी पायजे."

शेवटी तिनं एक छोटी पेटी जोडून मला खोटाच बिघाड दाखवला, मी झोपलोय का जागा आहे ते बघायला. धाड्! मी क्षणात सोडलं. पुन्हा दाखवला, पुन्हा सोडलं. किती काळानं मला माझी विद्या आठवली! आबांनी तर टाळीच वाजवली. इतकी वर्षं न पडण्याचं कौतुक करणारा माणूस माझ्या पडण्यावर टाळी वाजवत होता.

दिवस कलताना पंप चालू झाले. आबा नेहमीसारखे पाठ टेकायला आले आणि दचकले. "अगं, ह्यो तर गार पडला!"

"बरा झाला आबा. ताप उतरला." गौतमीनं स्टूल उचलून पंपघराच्या दाराकडे नेऊन ठेवलं. "आन् आता हितं बसायचं. नदी बघत. गार वाटलं तर घोंगडी घ्या, पण त्याला टेकायचं न्हाई."

खरं सांगू? त्या दिवसापासून आबांची पाठ माझ्या पाठीला लागली नाही. पहिले काही दिवस मला फार एकटं वाटलं. पंप घोंघावायचे, मी गार उभा, आणि आबा तिकडे उंबऱ्याशी.

पुढच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी तारांच्या चरातून एक उंदीर वर चढला. माझ्या पलीकडे उघड्या पट्ट्या आहेत, तिथून सगळ्या पंपांना वीज वाटली जाते. त्याचा एका पट्टीला पाय, दुसरीला शेपूट. वीज उधळली. डोळे दिपवणारा लखलखाट झाला, पण तो पुरता फुलायच्या आतच मी सोडलं. धाड्!

पंप बंद. धुराची एक बारीक रेघ. उंबऱ्याशी भाकरीचा तुकडा हातात घेऊन आबा उभे. अंगावर ओरखडाही नाही.

बाळासो धावत आले. "पडला का? कवाच पडत न्हवता! त्या पोरीनं बिघडवला बगा ह्याला!"

आबा सावकाश म्हणाले, "आरं बाळासो, त्यो पडला म्हनूनशान मी उभा हाय."

बाळासोंनी काळवंडलेल्या पट्ट्या पाहिल्या, माझ्या दारालगतची स्टुलाची जुनी जागा पाहिली, आणि त्यांची जीभ पहिल्यांदाच थांबली. गौतमीला फोन त्यांनीच लावला. ती येईपर्यंत कुणी मला हात लावला नाही. तिनं सगळं तपासलं, पट्ट्या साफ केल्या, चराची भोकं बुजवली, आणि मगच मला पुन्हा धरायला सांगितलं.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. पण गौतमी ठरल्या वेळी येते, मला उघडते, बघते, सोडून पाहते. नवमीला आबा अजूनही पूजा करतात. माळ दाराबाहेरच्या खुंटीला, तेल समईत. तुमच्या आसपासही माझ्यासारखे पुष्कळ मुके सोबती असतील, माणसंही असतील. कधीच पडत नाही, कधीच कुरकुरत नाही, म्हणून नुसतं कौतुक करून जाऊ नका. कधीतरी दार उघडून आत बघा. त्याला काय हवंय ते विचारा, आणि तेच द्या.

आबांनी ती ओवी उचलली आहे. पुढची कडवी मात्र स्वतःची जोडतात, बेसूर आवाजात:

*दुसरी माजी ओवी गं, धरल्यालं जपावं*
*येळ आली सोडायची, तवा हसून सोडावं*

रोज सकाळी ती गुणगुणत ते आत येतात. आधी माझ्या दारावर हाताची पालथी बाजू ठेवतात. थोडा वेळ तशीच ठेवतात.

"गार हाय," म्हणतात. आणि समाधानानं स्टुलाकडे जातात.