दोन्ही हात वर

नौदलाच्या गस्ती विमानातून वैजनाथनं वीस वर्षं समुद्र पाहिला. मासेमारीबंदीच्या महिन्यांत विमान खाली आलं की होडीतले कोळी दोन्ही हात वर करत, जाळं टाकलेलं नाही म्हणून. जो करत नसे त्याच्याकडे हा गस्तीची बोट धाडायचा. चेहरा मात्र कधी कुणाचा दिसला नाही.

सरकार बदललं, बंदी उठली, गस्त थांबली. वैजनाथ निवृत्त होऊन विदर्भातल्या आपल्या गावी, रोहिणखेडला आला. घरात एकटाच. समुद्राचं इथं कुणाला काय पडलंय?

आज दुपारी फार उंचावरून विमान गेलं, तसे अंगणात त्याचे दोन्ही हात वर गेले.

"काऊन हात वर करून राह्यले, भाऊजी?" शेजारच्या कोकिळाबाईंनी विचारलं.

"वरून कोणी पाहून राह्यलं असन, वहिनी, तं त्याले मी दिसलो पाहिजे."