पाणी कधी चढलं?

चौथीच्या वर्गाला सर तेवीस वर्षं एक प्रयोग दाखवत आले होते. बशीत पाणी, पाण्यात उभी पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझे, पाणी ग्लासात चढे. मग सर फळ्यावर लिहीत: प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. मुलं ते उतरवून घेत आणि पुढचा धडा सुरू होई. सगळं कसं बिनबोभाट.

यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं की प्रयोग मुलांनीच करायचे. सरांच्या मते हा नसता उपद्व्याप होता. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी आठ बशा आणि आठ ग्लास मांडले, प्रत्येक मेणबत्ती स्वतः पेटवली आणि काय दिसेल ते आधीच फळ्यावर लिहून टाकलं, म्हणजे पुढे घोळ नको.

घोळ घातला पणतीने. या मुलीचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून सरांनीच तिला पणती केलं होतं आणि वर्गाने ते नाव उचलून धरलं होतं. तिने वहीत लिहिलं, 'मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी चढलं नाही. उलट ग्लासाखालून बुडबुडे बाहेर आले. पाणी विझल्यावर चढलं.' सरांनी वाचलं, फळ्याकडे बोट दाखवलं आणि खोडायला सांगितलं. तिने मुकाट्याने खोडलं.

मधल्या सुट्टीत सर पसारा आवरायला बसले. पोरगी चुकलीय एवढीच खात्री करून घ्यायला त्यांनी एक मेणबत्ती पुन्हा पेटवली. ग्लास ठेवताच बुडबुडे आले. ज्योत होती तोवर पाणी जागचं हललं नाही, आणि ती विझल्यावर सरसर वर आलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! पण तेवीस वर्षांचा हेका असा सहजी सुटतो होय? त्यांनी त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच, म्हणजे पाणीही तेवढंच चढायला हवं. ते चांगलं बोटभर जास्त चढलं.

आता मात्र सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्योतीने हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पळते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आक्रसते आणि पाणी आत शिरतं. तीन ज्योतींनी हवा जास्त तापते, एवढंच. इतकी वर्षं ते फळ्याकडे बघत होते, पोरांकडे बघत होते, घड्याळाकडे तर हटकून बघत होते. ग्लासाकडे काही त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सुट्टी संपल्यावर त्यांनी पणतीला जवळ बोलावलं.

"तू लिहिलेलं बरोबर होतं. खोडलंस कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून," ती म्हणाली. मग म्हणाली, "नंतर मला वाटलं, मला तसं दिसलंच नसेल."

आपली चूक निघाली याचं सरांना तितकं वाईट वाटलं नव्हतं, जितकं हे ऐकून वाटलं. त्यांनी वर्गाला सरळ सांगितलं की फळ्यावरचं चुकीचं आहे आणि ते आजवर तेच शिकवत आले. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, मग परीक्षेत काय लिहायचं. सरांनी बशी पुढच्या बाकावर ठेवली आणि सगळ्यांना भोवती उभं केलं. पाणी कधी चढतं तेवढंच बघून सांगा, म्हणाले. मेणबत्ती जळली, विझली, पाणी चढलं. सरांनी मान वर केली तर बत्तीसच्या बत्तीस पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पणतीसुद्धा.

त्यांनी मेणबत्ती पुन्हा पेटवली, ग्लास पालथा घातला, झरझर वर्गाच्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मला इथून काही दिसत नाहीये," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा."