सिदूने वाटलेला ट्रक

घाटनांदूरला प्रविणचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं दुकान होतं. दुकानामागे बाभळीखाली एक जुना ट्रक होता. त्याला चाकं नव्हती, तो दगडांच्या चवडीवर टेकवलेला होता. प्रविणची आई छबुबाई त्यावर गोवऱ्या वाळवायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, "सवत हाय माझी. मालक गेले, ही बसलीय उरावर."

मालक म्हणजे तिचा नवरा सिदू. त्याची सगळी हयात ह्या ट्रकवर गेली. लढाईनंतर गावातले बडे शेतकरी भगवानराव, त्यांच्या वडिलांनी तो लष्कराच्या लिलावात घेतला होता, आणि पुढे सिदू कामाला लागल्यावर त्याच्या हाती दिला. ट्रक पार थकला तेव्हा भगवानराव म्हणाले, "ने बाबा घरी, तुझाच हाय तो." तोवर सिदूही खोकल्याने खंगला होता. त्याने ट्रक विकला नाही आणि भंगारातही घातला नाही. कुणी पत्रा मागितला की पत्रा काढून दिला, कुणी रिम मागितली की रिम. छबुबाईचं छप्पर गळत होतं आणि ट्रकचा मागचा फाळका दुसऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला. त्यावरून तिने दोन दिवस चूल पेटवली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला, आणि छबुबाईचं बोलणं तिच्या पोटातच राहिलं.

यंदा दिवाळीनंतर अंबाजोगाईचे शिवशंकर सुभेदार ट्रॉलीचा हुक जोडून घ्यायला आले. माणूस लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला. हुक तापेपर्यंत मागे गेले, ते परत येईनात. प्रविण बघायला गेला, तर साहेब पांढऱ्या सदऱ्यासकट ट्रकखाली उताणे पडलेले.

"वायर ब्रश दे," खालून आवाज आला.

त्यांनी दरवाज्याचा एक कोपरा घासला. वरचा निळा रंग निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली काळपट हिरवा आणि अगदी तळाशी मातकट, लष्करी. मग त्यांनी केबिनकडे बोट केलं. "काच बघ कशी हाय. वरून पुढं, खालून आत. असा ट्रक आपल्याकडं कुणी बनवला न्हाई."

"फोर्ड हाय म्हणायचे बाबा," प्रविण म्हणाला.

"लोक समद्यालाच फोर्ड म्हणायचे." सुभेदारांनी फोटो काढून पुण्याच्या एका मित्राला पाठवले. तो जुन्या लष्करी गाड्या जमवायचा. चहा होईस्तोवर उत्तर आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेला, इकडच्या फौजेसाठी पाठवलेला शेवरलेट. हजारांनी आले होते, आता शोधून सापडत नाहीत.

सुभेदारांनी चहाची बशी खाली ठेवली. "मावशी, हा उभा करायचा का? मी येत जाईन."

छबुबाई म्हणाली, "करा की. माझ्या गोवऱ्यांना जागा दावा म्हंजे झालं."

पण उभा करायचा कशावर? निम्मा ट्रक गावोगाव गेलेला. कोणता भाग कुठे गेला हे सांगणारं एकच माणूस होतं. ज्याचा राग येतो ते माणूस विसरत नाही, तसं छबुबाईला सगळं पाठ होतं. मग प्रविणच्या टेम्पोत पुढे ती आणि मागे सुभेदार, अशी वरात निघाली.

पहिलं घर सटवाचं. फाळका अजून त्याच्या खुराड्यावर होता. छबुबाई भांडायच्या तयारीनेच उतरली होती. सटवाने ऐकून घेतलं, कोंबड्या बाहेर हाकलल्या आणि स्वतःच फाळका ओढायला लागला. "सिदूदादानं माझ्या बापाला रात्रीचं दवाखान्यात नेलतं. दोन साल जास्त जगला बाप. पत्रा कावून मागता, न्या की." वर त्याने एक कोंबडा छबुबाईच्या हातात दिला. तो फडफडणारा कोंबडा धरून ती टेम्पोत बसली.

असंच होत गेलं. बॉनेट मिळालं, एक दरवाजा मिळाला, बैलगाडीच्या वंगणाने माखलेला जॅक मिळाला. कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड सिदूने चिखलातून काढलं होतं, कुणाची कडब्याची गंजी पेटली तेव्हा तो पाणी घेऊन आला होता. सुभेदार वस्तू तपासायचे आणि छबुबाई ऐकायची. घरी आल्यावर भाकरी थापताना ती प्रविणला विचारायची, "तुला ठावं होतं का रं हे?"

"न्हाई माय. मला तरी कोण सांगणार?"

एक रिम तेवढी अडली. ह्या ट्रकच्या रिमा दोन फाकांच्या असतात, भोवती गोलाकार बोल्ट आवळून जोडलेल्या. त्यातली एक फाक शाळेत घंटा म्हणून टांगलेली होती. शाळेच्या वैष्णवी मॅडमनी नको म्हटलं नाही. प्रविणने बदली म्हणून ट्रॅक्टरची रिम नेली, टांगली, वाजवली. ती बदबद वाजली. पोरं हसली. मॅडम म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, तुम्हीच सांगा."

सुभेदारांचा जीव त्या फाकेत अडकला होता, ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी हातातला पाना खिशात टाकला. "राहू द्या. पुण्यात मिळंल एखादी." आणि खरंच, पुण्याच्या त्या मित्राने एक जोड आपणहून पाठवून दिली.

शेवटी राहिला पाण्याचा टाका, म्हणजे ट्रकला जोडायची मोठी टाकी. दुष्काळात ट्रकमागे दोन चाकांचा टाका जोडलेला असायचा, मागे नळांची रांग. तोही लढाईतलाच, सैन्याला पाणी पोचवायचा. छबुबाईला तो कुठे आहे हे माहीत होतं, पण तिकडे जायचं ती टाळत होती. टाका डोंगराकडच्या वस्तीवर होता. तिथली माणसं दरसाल ऊसतोडीला जातात. आणि छबुबाईचा सगळ्यात जुना राग त्याच वस्तीवर होता.

बाहत्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. नवरा गावोगाव पाणी वाटायचा आणि ती दारात रिकामी घागर घेऊन बसायची. तिच्या वाट्याला यायचं ते तळाचं, गंजाचं पाणी. तेही कधी यायचं, कधी नाही. बाया हसायच्या, पाणीवाल्याची बायको अन् ओठ कोरडे. सिदू वस्तीवर आधी जातो, हे तिला कळलं होतं. कशासाठी, हे त्याला विचारायची तिला लाज वाटली, आणि पुढे राग आला.

वस्तीवर टाका आडवा पडला होता. वरचा पत्रा कापून त्याची गुरांची गव्हाण केली होती. सुभेदार लगेच वाकून कडी, ब्रेकचा दांडा, नळांची भोकं चाचपू लागले. घरातून चंद्रभागाबाई आली. तीही छबुबाईच्याच वयाची. प्रविणने ओळख सांगितली, तशी ती मागे न बघता घरात गेली आणि घोंगडी घेऊन आली.

"बसा. तुमी सिदूदादाच्या मंडळी न्हवं? लई वाट बघितली तुमची."

"माझी कावून?"

"पाया पडायचं राहिलंय." चंद्रभागाबाई तिच्यासमोर बसली. "दुष्काळात माझी पोरगी अंगावर होती, अन् दूध आटलं होतं. आमच्या इथं विहीर न्हवती, झरा न्हवता. ह्यो टाका येयचा. एकदा आमी दादाला म्हटलं, देवासारखे आलात. तर म्हणले, माझं कवतिक नका करू. घरी बायको घागर घेऊन बसली हाय, तिची घागर मी शेवटी भरतो म्हणून तुमची आधी भरतीया. उपकार मानायचे तर तिचे माना."

छबुबाईने पदर तोंडाला लावला.

"मी म्हटलं, आणा त्यांना एकदा. तर हसले. म्हणले, माझ्यावर रुसलीय ती, कंचं तोंड घेऊन सांगू?"

प्रविण टाक्याकडे बघत राहिला. सुभेदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. छबुबाई रडली, पण थोडीच. मग तिने विचारलं, "पोरगी जगली का?"

"नातवंडं झाली तिला. कारखान्यावर गेलीत समदी, फाल्गुनात येत्याल."

छबुबाई उठली आणि चंद्रभागाबाईने वाकायच्या आत तिला धरून उरापाशी घेतलं. "पाया कशाला पडता बाई. मला तर ठाऊकच न्हवतं मी काय दिलंय ते. तुमी सांगितलं म्हणून कळलं."

चार दिवसांनी प्रविणने वस्तीवर सिमेंटची नवी गव्हाण बांधून दिली, मग टाका उचलला. कापलेल्या वरच्या भागावर त्याने नवा पत्रा चढवला, पण सांधा घासून लपवला नाही. सुभेदार म्हणाले होते, "युद्धाची खूण ठेवतो तशी दुष्काळाचीबी ठेवावी."

रंगावरून थोडा वाद झाला. सुभेदारांना मूळचा मातकट हवा होता आणि छबुबाईला सिदूच्या वेळचा निळा. शेवटी ट्रक मातकट झाला आणि चालकाच्या बाजूचा दरवाजा निळाच राहिला. पुण्याच्या मित्राने फोटो बघून कपाळाला हात लावला असता. म्हणून सुभेदारांनी त्याला पुन्हा फोटो पाठवले नाहीत.

फाल्गुनात तोडीवरून माणसं परतली, तसा ट्रक बाहेर निघाला. इंजिन दुसऱ्या एका जुन्या डिझेल गाडीचं, बाकी सगळं आपापल्या जागी. ह्या ट्रकचं निम्मं इंजिन केबिनीत येतं, चालकाच्या आणि शेजारच्याच्या मध्ये. छबुबाई पहिल्यांदाच त्या केबिनीत बसली. सिदूच्या काळात बाया मागे बसायच्या. ट्रक सुरू झाला आणि कानठळ्या बसल्या. पोटरीला झळ लागली.

"लई गरम व्हतंय का माय?" प्रविण ओरडला.

"ऐकू येत न्हाई," ती ओरडली. मग तिची तीच हसली. सिदू घरात नेहमी वरच्या पट्टीत बोलायचा. ती समजायची, माणूस तुसडा आहे.

वस्तीवर लोक वाटेपर्यंत आले होते. चंद्रभागाबाईची लेक पुढे झाली, रापलेली, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. तिने छबुबाईला हाताला धरून खाली उतरवलं. मागे टाक्याचे नळ सोडले होते आणि तिची नातवंडं त्याखाली भिजत होती. वस्तीला आता नळ आहे, पाण्याची कुणाला गरज नव्हती, पण पोरांना कोण थांबवणार?

"मावशी, पुरणपोळी केलीय," लेक म्हणाली. "आधी तुमी जेवायचं, मग बाकीच्यांनी."

छबुबाई जेवायला बसली.