हाराचा फोटो

शशिकांत बायकोवर जळत होता, आणि ही गोष्ट सांगायची तरी कुणाला? शेजारच्या दुकानदारावर जळावं, भावावर जळावं, लोक समजून घेतात. पण स्वतःच्या बायकोवर?

पेणकरपाड्यातला त्याचा फोटो स्टुडिओ बावीस वर्षांचा. गिरिजा तिथे नुसते पासपोर्ट फोटो कापून पाकिटात भरायची. गेल्या वर्षी तो आठवडाभर तापाने झोपला, तिने दुकान उघडलं आणि सगळा घोटाळा झाला. तो बरा होऊन आला, तेव्हा बाईसाहेबांना कॅमेऱ्याचं वेड लागलेलं. दर रविवारी ती कॅमेरा गळ्यात अडकवून बसने समुद्राकाठच्या पालीला जायची, मासे सुकवणाऱ्या बायकांशी तासभर गप्पा मारायची आणि चार फोटो काढायची. चारच! शशिकांत एका लग्नात हजारभर काढायचा. पण तिचे ते चार बघितले की त्याच्या पोटात दुखायचं.

गिऱ्हाइकांनी तर लाजच सोडली होती. त्याच्या तोंडावर विचारायची, "भाभी नहीं है क्या? बाद में आते हैं."

एका दुपारी त्याची आई, मनोरमाबाई, ठेवणीतली साडी नेसून दुकानात आली.

"हाराचा फोटो काढायचाय. मी गेल्यावर तुम्ही कुठल्यातरी लग्नातला कापून भिंतीवर लावाल, तो नको मला. गिरिजा, तू काढ."

"मी काढतो," शशिकांत ताडकन उठला. आईचा फोटो घरात कायमचा राहणार. येणारा जाणारा विचारणार, कुणी काढला? तिथे गिरिजाचं नाव? ते त्याला सोसलं नसतं.

"हनुवटी खाली. मान सरळ. हलू नकोस."

त्याने वीस फोटो काढले. विसांतही आई तलाठ्यासमोर उभी केल्यासारखी.

आईने ते बघितले. "छान आलेत रे. रेशनकार्डाला चालतील."

गिरिजाने हसू दाबत कॅमेरा घेतला. "आई, बाबा म्हणे लग्नात रुसून बसले होते. कशासाठी हो?"

"घड्याळासाठी! तुझ्या सासऱ्यांना कुठे कधी वेळेवर जायचं होतं गं!" म्हातारी खदखदून हसली. गिरिजाने एकच फोटो काढला आणि कॅमेरा टेबलावर ठेवून चहा सांगायला बाहेर गेली.

शशिकांतने तो बघितला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारी आई, पडलेल्या दातासकट. लहानपणापासून तो हे हसू बघत आला होता. त्याच्या कॅमेऱ्यात ते एकदाही आलं नव्हतं. तिच्याकडे पहिल्या झटक्यात आलं. मत्सराने त्याचे कान तापले, आणि काय करतोय हे पुरतं कळत असताना त्याने फोटो पुसून टाकला.

गिरिजा आत आली तसा तो म्हणाला, "हललाय तुझा. पुसला मी."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तिला कळलंय हे त्यालाही कळलं. आता भांडण होणार म्हणून तो उत्तरं जुळवायला लागला. पण तिने नुसता कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला.

"असू दे. दुसरा काढते, त्यात काय? आई, मग दिलं का तुमच्या वडिलांनी घड्याळ?"

आई सांगायच्या आधीच हसायला लागली होती.

"अहो," कॅमेऱ्यातून डोळा न काढता गिरिजा म्हणाली, "जरा बाजूला व्हा ना. उजेड अडवताय."

तो बाजूला झाला.